सहावा गठ्ठा

गुहागर तालुक्यातल्या वीज प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव महाराष्ट्रात सगळ्यांच्या तोंडी होते. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत या कंपनीच्या हिशेबांची चौकशी सुरू झाली, तेव्हा तिचे लेखापरीक्षण करणाऱ्या आर्थर अँडरसनच्या ह्यूस्टन कार्यालयात कागद श्रेडरमधून जात होते. कोणते कागद किती काळ ठेवायचे आणि कधी नष्ट करायचे, याचे लेखी धोरण या संस्थेकडे होते. १२ ऑक्टोबरला संस्थेच्या वकिलाने ईमेलवर त्या धोरणाची आठवण करून दिली आणि पुढचे काही आठवडे ते कसोशीने पाळले गेले. नोव्हेंबरमध्ये रोखे बाजार नियामकाचे समन्स आल्यावरच हे काम थांबले. जून २००२ मध्ये संस्था दोषी ठरली. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने रद्द केला. पण तोवर संस्थेचा लेखापरीक्षणाचा व्यवसाय संपलेला होता.

हेच धोरण दर वर्षी, ठरल्या महिन्यात पाळले गेले असते तर ते नेहमीचे कार्यालयीन काम ठरले असते. चौकशीची चाहूल लागल्यावर ते आठवले, म्हणून तीच कृती पुरावा दडपण्यासारखी दिसली.

आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत दुखणे उलटे आहे. तिथे काहीच नष्ट होत नाही. माळ्यावर, जिन्याखाली, भाड्याच्या गाळ्यात फाइली साठत जातात. जागा संपली किंवा कार्यालय हलवायचे ठरले की एका दिवसात सारे रद्दीवाल्याकडे जाते. त्या ढिगात कालबाह्य चलने असतात, तसे एखादे चालू करारपत्रही असते. काय गेले याची नोंद कुठेच उरत नाही.

याचे मूळ एका गैरसमजात आहे. ‘आठ वर्षे ठेवा’ एवढे एकच वाक्य लेखा विभागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. प्रत्यक्षात मुदत किती, याइतकाच ती कधीपासून मोजायची हा प्रश्न महत्त्वाचा असतो. २०२३-२४ मधले एक विक्री बीजक घ्या. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ते त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने, म्हणजे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवावे लागते. बीजक एखाद्या कंपनीचे असेल, तर कंपनी कायद्याचे कलम १२८ मागची आठ आर्थिक वर्षे जपायला सांगते आणि मुदत ३१ मार्च २०३२ पर्यंत जाते. त्यावर कराचे अपील सुरू असेल, तर अंतिम निकालानंतर एक वर्ष किंवा मूळ मुदत, यांपैकी जे उशिरा येईल ते लागू होते. संचालक मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त मात्र कायम ठेवायचे असते. त्याच बैठकीची नोटीस आणि विषयपत्रिका आठ आर्थिक वर्षांनंतर, मंडळाच्या मंजुरीने, नष्ट करता येते.

एवढा हिशेब आठ वर्षांनी गठ्ठा सोडून बसणाऱ्या कारकुनाकडून होणार नाही. कागद तयार होतो तेव्हा तो कशाचा आहे, कोणाचा आहे आणि कोणत्या कायद्याखाली येतो, हे करणाऱ्याला माहीत असते. वर्ग आणि नष्ट करण्याची तारीख त्याच वेळी फाइलवर पडली पाहिजे.

महाराष्ट्राच्या सरकारी कार्यालयांना ही कल्पना नवी नाही. तिथे अभिलेखांची वर्गवारी ठरलेली आहे: ‘अ’ कायम, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ एक वर्ष. सहा गठ्ठा पद्धतीत पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. टेबलावरच्या कामातच नष्टीकरणाला जागा दिलेली आहे, हे या पद्धतीचे मोठेपण. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नसली, तरी खाजगी उद्योगांनी उचलावी अशी ही मांडणी आहे.

संगणकावर जागा संपत नाही, म्हणून तिथे सहाव्या गठ्ठ्याची गरज नाही असे अनेकांना वाटते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा समज खोडून काढला आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवायची सक्ती नसली, तर ती पुसून टाकावी असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नाकारलेल्या उमेदवारांचे अर्ज, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेले आधारचे फोटो यांची यादी आजच करायला हवी. बॅकअपमधल्या प्रतीही त्या यादीत धराव्यात.

दुसरीकडे, जे ठेवायचे ते न्यायालयात टिकेल असे ठेवावे लागते. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, उमेदवारी अर्ज भरतानाच्या चित्रीकरणाचा प्रश्न उभा राहिला. मूळ उपकरण हजर केलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही द्यावे लागते. हॅश पहिल्या दिवशीच नोंदवलेले असेल, तर फाइल मधल्या काळात बदललेली नाही हे दाखवणे सोपे जाते.

या मासिकाच्या वाचकांनी येत्या आर्थिक वर्षासाठी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली, प्रत्येक विभागाची वर्गवारीची यादी. तिच्यात मुदतीसोबत ती मोजायची सुरुवातही लिहिलेली असावी. दुसरी, स्थगितीचा आदेश. नोटीस, अपील किंवा चौकशी येताच संबंधित फाइली आणि ईमेल नष्ट करणे त्याच दिवशी थांबवण्याचा अधिकार एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असावा. तिसरी, नष्टीकरण नोंदवही. तिच्यात कागदांचे वर्णन, कालावधी, आधारभूत नियम, मंजुरी देणाऱ्याची सही, नष्ट करण्याची रीत आणि तारीख असावी. ही नोंदवही स्वतः कायम जपायची आहे.