आधी शेकडा विचारा

टक्केवारीचा एखादा आकडा कानावर पडला नाही असा दिवस जात नाही. साक्षरता अमुक टक्के, बेकारी तमुक टक्के, कुपोषण इतके टक्के. सकाळच्या पेपरात, व्हॉट्सॲपवर, ग्रामसभेत, प्रचाराच्या भाषणात, सगळीकडे आकडेच आकडे. यातले बरेचसे खोटे नसतात, कुठल्या तरी पाहणीच्या तक्त्यातून उचललेले असतात. घोटाळा होतो तो वाचताना. आपण टक्के वाचतो, पण ते कोणाचे टक्के हे विचारत नाही. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. कोणताही टक्का मान्य करण्याआधी आणि पुढे पाठवण्याआधी विचारा : हा शेकडा कोणातला?

आपल्याच भाषेचा आकडा घेऊ. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली. त्यांपैकी ७ कोटी ७५ लाख लोक मराठीभाषक होते. देशभरातले मराठीभाषक मिळून ८ कोटी ३० लाख होते. आता महाराष्ट्रातला कोणीही एक माणूस निवडला, तर तो मराठीभाषक असण्याची शक्यता किती? लाखांत मांडू. ७७५ भागिले ११२४, म्हणजे शेकडा ६९. प्रश्न उलटा करा. देशातला कोणीही एक मराठीभाषक निवडला, तर तो महाराष्ट्रात राहणारा असण्याची शक्यता किती? ७७५ भागिले ८३०, म्हणजे शेकडा ९३. वरचा आकडा तोच, माणसंही तीच. फक्त छेद बदलला आणि ६९चे ९३ झाले.

गोव्यात हा फरक आणखी ठळक दिसतो. तिथल्या साडेचौदा लाख लोकसंख्येत मराठीभाषक सुमारे १ लाख ५९ हजार होते, म्हणजे गोव्यातल्या शंभरांत ११. पण देशातल्या एक हजार मराठीभाषकांत गोव्यात राहणारे जेमतेम दोन. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही उपयोगाचे आहेत. गोव्यात मराठी शाळा किती लागतील हे ठरवणाऱ्याला पहिला आकडा हवा. आपला वाचक कुठे कुठे पसरला आहे हे पाहणाऱ्या मराठी प्रकाशकाला दुसरा हवा. एकाच्या जागी दुसरा वापरला, तर दोघांचाही हिशेब चुकेल.

गणितात याला नावं आहेत. देशातला कोणीही माणूस निवडला, तर तो मराठीभाषक असण्याची शक्यता शेकडा ७ ही साधी संभाव्यता. ‘महाराष्ट्रातला असेल तर’ अशी अट घातली की ती सशर्त संभाव्यता होते. अट घालायची म्हणजे तक्त्यातली एकच ओळ धरायची आणि बाकीच्या झाकून टाकायच्या. त्या ओळीची बेरीज हाच नवा छेद. दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेचा धडा आहे. त्यात फासे, नाणी आणि पत्ते असतात. शाळा संपली की मात्र संभाव्यता आपल्याला भेटते ती पाहण्यांच्या तक्त्यांत, आणि ते वाचायला आपल्याला कोणी शिकवत नाही.

याची किंमत कुठे मोजावी लागते, ते आरोग्याच्या आकड्यांत बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. मुंबईच्या देवनारमधली आंतरराष्ट्रीय लोकसंख्याशास्त्र संस्था या पाहणीचं काम पाहते. पाहणीच्या देशपातळीवरच्या तक्त्यात जुलाबाच्या आजारात ओआरएस (जलसंजीवनी) मिळालेली मुलं ६०.६ टक्के आहेत. घाईत वाचणाऱ्याला वाटतं, देशातल्या शंभर मुलांतल्या साठांना ओआरएस मिळतं. पण हा शेकडा सगळ्या मुलांचा नाही. पाच वर्षांखालच्या ज्या मुलांना पाहणीआधीच्या दोन आठवड्यांत जुलाब झाले, त्यांचा हा शेकडा आहे. अशी मुलं होती ७.३ टक्के.

हजार मुलं डोळ्यांसमोर आणा. त्यांतल्या ७३ जणांना जुलाब झाले. त्या ७३पैकी सुमारे ४४ जणांना ओआरएस मिळालं आणि २९ जणांना मिळालं नाही. आपल्या कामाचा आकडा हा २९चा. हजारात २९ म्हणजे फार नाहीत, असं कोणी म्हणेल. पण ज्यांना गरज होती अशा दर पाच मुलांतली दोन त्याविना राहिली, हा त्याच आकड्याचा अर्थ आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात अख्खं पाकीट विरघळवायचं, एवढं सोपं हे औषध आहे. ते गरजूंपर्यंत पोचतं की नाही, हे सगळ्या मुलांच्या शेकड्यावरून कधीच कळणार नाही. गरजूंचाच शेकडा काढावा लागतो.

बेकारीचा दर हेही असंच सशर्त प्रकरण आहे. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षात १५ वर्षं व त्यावरील पुरुषांत बेकारी ३.२ टक्के होती आणि स्त्रियांतही ३.२ टक्केच. म्हणजे रोजगारात स्त्री-पुरुष बरोबरीला आले का? छेद बघा. हा शेकडा काम करणाऱ्यांचा आणि काम शोधणाऱ्यांचा मिळून आहे. जी बाई काम करत नाही आणि शोधतही नाही, ती या हिशेबात धरलेलीच नाही. त्या वर्षी याच वयाच्या हजार पुरुषांतले ७८८ या मोजणीत होते, आणि हजार बायकांतल्या ४१७. उरलेल्या ५८३ जणींबद्दल बेकारीचा दर एक अक्षरही बोलत नाही. त्यांत शिकणाऱ्या मुली आहेत, म्हाताऱ्या आहेत, घर सांभाळणाऱ्या आहेत, आणि काम मिळणारच नाही म्हणून शोधायचं सोडलेल्याही आहेत. त्यांच्याबद्दल बोलायचं तर दुसरा तक्ता उघडावा लागेल.

आता गावपातळीवर येऊ, कारण तिथे तक्ता आपल्या हातातलाच असतो. समजा, गावातल्या ४०० घरांची पाहणी झाली. घरात नळ आहे का आणि गेल्या महिन्यात कोणाला जुलाब झाले का, एवढे दोनच प्रश्न विचारले. तक्ता असा भरला :

| | जुलाब झाले | झाले नाहीत | एकूण घरं |
|---|---|---|---|
| नळ आहे | ३० | २७० | ३०० |
| नळ नाही | २० | ८० | १०० |
| एकूण | ५० | ३५० | ४०० |

ग्रामसभेत एक जण उठून म्हणतो, ‘आजारी पडलेल्या ५० घरांतली ३० घरं नळवाली आहेत. शेकडा ६०. नळाच्या पाण्यानेच आजार पसरलाय.’ आकडा बरोबर आहे, निष्कर्ष साफ चूक. गावात नळवाली घरंच तिप्पट आहेत, तेव्हा आजारी घरांत ती जास्त दिसणारच. नळ कितपत सुरक्षित हे पाहायचं तर आडवी ओळ धरा. नळवाल्या ३०० घरांत ३०, म्हणजे शेकडा १०. बिननळाच्या १०० घरांत २०, म्हणजे शेकडा २०. नळ नसलेल्या घरांत आजाराचं प्रमाण दुप्पट आहे. ‘आजारी असेल तर नळवाला’ आणि ‘नळवाला असेल तर आजारी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लस घेऊनही आजारी पडलेल्यांचे आकडे असोत की हेल्मेट घालूनही दगावलेल्यांचे, फसगत नेमकी याच जागी होते.

मात्र आणखी एक पायरी थांबा. दुप्पट प्रमाण दिसलं म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही. नळ नसलेली घरं वस्तीच्या टोकाला असतील, तिथे गटार उघडं असेल, घरात माणसं दाटीने राहत असतील. चौकशी कुठून सुरू करायची ते तक्ता सांगतो. चौकशी आपल्यालाच करावी लागते.

छापील तक्ता हातात आला की एक खूण आधी शोधा. १०० हा आकडा कुठे लिहिलाय? आडव्या ओळीच्या शेवटी असेल, तर टक्के त्या ओळीतल्या लोकांचे आहेत. उभ्या रकान्याच्या तळाशी असेल, तर रकान्यातल्या लोकांचे. उजव्या कोपऱ्यात खाली एकदाच असेल, तर ते सगळ्या नमुन्याचे टक्के आहेत. १०० कुठेच नसेल, तर तक्त्याचं शीर्षक आणि तळटीप वाचा. तिथे ‘१५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी’ किंवा ‘सात वर्षं व त्यावरील लोकांपैकी’ असं काहीतरी असतंच. जनगणनेतली साक्षरता अशीच सात वर्षं व त्यावरील लोकांची असते.

दुसरी खूण संख्येची. अटी वाढवत गेलं की छेद लहान होत जातो आणि अंदाज डळमळू लागतो. चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी कोणताही पक्षपात न करता ४०० घरं निवडली, तर पन्नाशीच्या आसपासचा टक्का पाचएक टक्के इकडेतिकडे सरकू शकतो. त्यातलीच ४० घरं वेगळी काढली, तर पंधरा टक्क्यांपर्यंत. कुटुंब आरोग्य पाहणीच्या जिल्हावार पत्रकांत म्हणूनच काही आकडे कंसात दिसतात. ते २५ ते ४९ जणांच्या उत्तरांवरून काढलेले असतात. २५पेक्षा कमी असतील तर आकडा छापतच नाहीत, तिथे फुली असते. जुलाब झालेली मुलं मुळात थोडी, म्हणून ओआरएसच्या ओळीत असे कंस आणि फुल्या बऱ्याच जिल्ह्यांत सापडतात. कंसातला आकडा घेऊन ‘आमचा जिल्हा शेजारच्यापेक्षा पुढे’ असा मथळा करणं अन्यायाचं आहे.

हे काम फक्त तज्ज्ञांचं, असं समजू नका. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१मध्ये देशातल्या दारिद्र्याची जी मांडणी केली, तिचा आधार राष्ट्रीय नमुना पाहणीचे तक्ते होते. ते तज्ज्ञ होते खरे, पण आज असे तक्ते इंटरनेटवर कोणालाही फुकट मिळतात. भागाकार सातवीतल्या मुलालाही येतो.

शिक्षकांनो, संभाव्यतेच्या धड्यातलं एखादं नाणं बाजूला ठेवा आणि आपल्या जिल्ह्याचा एक तक्ता फळ्यावर मांडा. पत्रकारांनो, टक्क्याबरोबर ‘कोणापैकी’ हेही मथळ्यात किंवा पहिल्या वाक्यात लिहा. ग्रामपंचायत सदस्यांनो, ठराव करण्याआधी टक्के बाजूला ठेवून मूळ संख्या मागा. आणि तुम्ही, मोबाईलवर आकडा आला की पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा : हा शेकडा कोणातला? उत्तर मिळालं नाही, तर तो आकडा तुमच्यापाशीच थांबवा.