खोक्यातल्या हवेचे पैसे कोण भरतो?

मसुऱ्यात न्याहारी म्हणजे उकड्या तांदळाची पेज, नाहीतर घावणे. आता तेथील दुकानांतही कॉर्नफ्लेक्सचे रंगीत खोके आले आहेत. आमच्या वाडीतील एका मजूर भगिनीने पोराच्या हट्टापायी तसला एक खोका घेतला. फोडला तर आत पिशवी, आणि तीही निम्मीच भरलेली. "वकिलांनू, अर्धो खोको रिकामो. ह्याका काय म्हणतलास?" असे तिने आम्हाला विचारले.

आम्ही माल तराजूत घातला. छापलेले वजन बरोबर भरले. म्हणजे तराजू खोटा नव्हता, खोका खोटा होता!

हलका माल वाहतुकीत खाली बसतो, त्याचा चुरा होऊ नये म्हणून थोडी जागा सोडावी लागते, हे आम्हालाही मान्य आहे. कायद्यालाही मान्य आहे. २०११ च्या वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांत फसव्या वेष्टनाची व्याख्याच दिलेली आहे. मालाचे रक्षण किंवा माल भरणाऱ्या यंत्राची गरज, एवढ्याच कारणासाठी वेष्टन मोठे असू शकते. आणि ते कारण पटवून देण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, गिऱ्हाइकाची नव्हे. किती गिऱ्हाइकांना हे ठाऊक आहे?

याहून मोठी लूट वजनात आहे. किंमत दहा रुपये तशीच ठेवायची आणि ५० ग्रॅमचे ४० ग्रॅम करायचे. ही भाववाढ थेट २५ टक्क्यांची, पण ओरड कुठेच नाही! महिन्याचा किराणा एकदम भरणारा मोठी पिशवी घेतो. रोजंदारीवर जगणारा दहाची पुडीच घेतो. म्हणून ही चोरटी भाववाढ आधी त्याच्याच पोराच्या वाटीतून घास काढते.

पूर्वी बिस्किटे, पाव, चहा, मीठ अशा वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत. नोव्हेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ती यादी काढून टाकली. बदल्यात दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापण्याचे बंधन आले. बंधन चांगले आहे; पण ती ओळ बारीक अक्षरात कोपऱ्यात दडवली, तर तिचा उपयोग कोणाला?

बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या क्रयशक्तीचा प्रश्न मांडला. रुपया तोच, पण त्यात पदरात पडते किती? पुढे १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले. वसुलीचे माप मोठे आणि देण्याचे माप लहान, असे आमची म्हातारी माणसे त्या खोतीबद्दल सांगत. खोती गेली, माप मात्र अजून देणाऱ्याच्याच हातात आहे.

आमची मागणी साधी आहे. गरिबाच्या लहान पुड्यांना ठरावीक वजने पुन्हा लागू करा. वजन घटवले, तर तसे दर्शनी भागावर ठळक अक्षरांत छापा.

तोवर बांधवांनो आणि भगिनींनो, खोक्याचे चित्र नव्हे, ग्रॅमचा भाव वाचा. पावती आणि वेष्टन जपून ठेवा. वैधमापन खात्याकडे लेखी तक्रार करा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही, हे आम्ही वकील असूनच सांगतो.

ती भगिनी पुन्हा पेजेवर आली आहे. रिकामा खोका मात्र तिने फेकलेला नाही. तक्रारीसोबत जोडायला ठेवला आहे.