विद्यापीठातला पडदा सर्वांसाठी उघडू या



महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या आवारात गेलात तर दोन-तीनशे खुर्च्यांचे एखादे चांगले सभागृह दिसेल. तिथे प्रोजेक्टर असतो, ध्वनियंत्रणा असते. उद्घाटने, सत्कार, परिसंवाद आणि स्नेहसंमेलन आटोपले की संध्याकाळी त्याला कुलूप लागते. त्याच शहरात जुनी एकपडदा थिएटरे एकामागून एक बंद पडली आहेत. मल्टिप्लेक्समध्ये त्या आठवड्याच्या दोन-तीन मोठ्या चित्रपटांपलीकडे कशाला जागा उरत नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला मराठी चित्रपट जिल्ह्याच्या गावी लागलाच, तर आडवेळेच्या एका खेळाला लागतो आणि लोकांना कळेपर्यंत उतरतो. बंगाली, मल्याळी, इराणी, जपानी चित्रपटांची तर वाटच पाहायची नाही.

एकीकडे कुलूपबंद सभागृह आणि दुसरीकडे चांगल्या चित्रपटांना पारखे झालेले गाव, ही स्थिती बदलता येईल. प्रत्येक विद्यापीठात, आणि विद्यापीठ दूर असेल तिथे मोठ्या महाविद्यालयात, आठवड्यातली एक संध्याकाळ चित्रपटाची असावी. ती विद्यार्थ्यांची जितकी, तितकीच गावाचीही असावी. त्यासाठी तुम्हा सर्वांची साथ मागायला हे आवाहन करत आहोत.

ही मागणी हवेतली नाही. शिकागो विद्यापीठात ‘डॉक फिल्म्स’ नावाची विद्यार्थ्यांची चित्रपट संस्था १९४० पासून चालू आहे. चित्रपट विद्यार्थी निवडतात, प्रक्षेपण तेच करतात, तिकिटेही तेच फाडतात आणि दार शहरातल्या सर्वांना उघडे असते. तिथे कधी मूकपट लागतो, कधी नवा माहितीपट, कधी एकाच दिग्दर्शकाची संपूर्ण मालिका. तिथल्या कित्येक पिढ्या असे सिनेमे बघत वाढल्या आहेत.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. पुण्यात १९६० मध्ये ‘प्रभात’ स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी देशभर फिरून चित्रपटांच्या प्रती गोळा केल्या. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे जे काही आज आपल्याला पाहता येते, त्यात त्यांच्या खटपटीचा वाटा मोठा आहे. इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वाद हा विषय म्हणून उभा केला. ते मुळात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. आग्र्यात शिकवत असताना चित्रपट संस्था चालवता चालवता ते या विषयाकडे वळले. त्यांच्या शिबिरांतून शिकून गेलेल्या शिक्षकांनी, पत्रकारांनी आणि ग्रंथपालांनी आपापल्या गावी चित्रपट मंडळे काढली. मुंबईत १९६८ मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झाले, तेही अशाच चळवळ्या रसिकांच्या बळावर.

आणि हे फक्त शहरी मंडळींचे काम, असे कोणी म्हणत असेल तर त्याने कर्नाटकातल्या हेग्गोडूकडे पाहावे. शिमोगा जिल्ह्यातले हे सुपारीच्या बागांचे खेडे. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांनी ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेतर्फे गावकऱ्यांना जगभरातले चित्रपट दाखवले. बहादूर आणि नायर तिथे जाऊन रसास्वादाची शिबिरे घेत. परक्या भाषेतले सिनेमे खेड्यातल्या माणसाला कळणार नाहीत, ही समजूत तिथे साफ खोटी ठरली.

आमचाही अनुभव तोच आहे. एका महाविद्यालयाच्या सभागृहात ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवला होता. युद्धानंतरच्या रोममधल्या बेकार आंतोनिओला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळते, पण अट असते सायकलची आणि सायकल गहाण पडलेली असते. त्याची बायको मारिया बोलत बसत नाही. पलंगावरच्या चादरी ओढून काढते, गाठोडे बांधते आणि ते गहाण टाकून सायकल सोडवते. दुकानातला माणूस ते गाठोडे घेऊन फळीवर चढतो, आणि तेव्हा आपल्याला दिसते की अशाच गाठोड्यांनी ती भिंत थेट छतापर्यंत भरली आहे. घराघरातल्या चादरी! सभागृहात चुळबुळ थांबली. चित्रपटानंतरच्या चर्चेत मागच्या रांगेतल्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “आमच्यात आधी तांब्यापितळेची भांडी जातात, मग डोरलं.” तोवर नववास्तववादावर बोलणारे आम्ही सारे गप्प झालो. त्यानंतरची चर्चा सावकारी, बेकारी आणि घर चालवणाऱ्या बाईची अक्कल यांवर तासभर चालली. इटलीतला १९४८ सालचा चित्रपट त्या सभागृहात आपल्या तालुक्याचा झाला.

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर मिळते, मग सभागृहात कशाला यायचे? सगळे मिळत नाही, ही पहिली गोष्ट. जे मिळते तेही शोधायला आधी नाव ठाऊक असावे लागते. आणि घरी एकट्याने पाहिलेला चित्रपट अर्ध्यावर सोडता येतो, फोन आला की थांबवता येतो. अनोळखी माणसांच्या शेजारी बसून अवघड चित्रपट शेवटपर्यंत पाहणे आणि नंतर त्यांच्याशी त्यावर भांडणे, ही निराळी सवय आहे. आपल्याला न पटणारे मत समोरच्याच्या तोंडून शांतपणे ऐकून घेण्याची सवय सध्या फार थोड्या जागी लागते. विद्यापीठाने ती लावायची नाही, तर कोणी?

यातून नवे कलावंतही घडतात. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला लघुपट त्यांनी अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकत असताना केला. पुढे ‘फॅन्ड्री’ आला. आज विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात हातात मोबाइलचा कॅमेरा असलेली हजारो मुले आहेत. कॅमेरा आला, पण पाहणे कोणी शिकवले नाही. ते शिकायला भरपूर आणि नाना तऱ्हेचे चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहावे लागतात.

सुरुवात कोणत्या चित्रपटांपासून करावी, असे आम्हाला नेहमी विचारतात. पहिल्या सत्रासाठी आमची सूचना अशी: ‘संत तुकाराम’ (१९३६), कारण पोराच्या दुखण्याने संतापून विठोबावर पायताण उगारणारी तुकारामांची बायको जिजाई नव्या पिढीने मोठ्या पडद्यावर पाहिलेलीच नाही. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५). कुरोसावांचा ‘इकिरू’ (१९५२). मरण समोर दिसल्यावर मुलांच्या बागेसाठी फायलीच्या मागे धावणारा त्यातला अधिकारी प्रत्येक सरकारी कचेरीने पाहावा. किआरोस्तामींचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम?’ (१९८७), जो शाळकरी मुलांनाही समजतो. अदूर गोपालकृष्णन यांचा ‘एलिप्पत्तायम’ (१९८१), जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२), आनंद पटवर्धन यांचा माहितीपट ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). यातला एखादा चित्रपट कोणाला आवडेल, एखादा बोचेल. दोन्ही व्हायला हवे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायची आहे. पेन ड्राइव्हवर उतरवून आणलेला चित्रपट लावू नका आणि घरच्या ओटीटी खात्यावरून जाहीर खेळ करू नका. स्वामित्वहक्क कायद्याने शिक्षणसंस्थेला विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्तींपुरते चित्रपट दाखवण्याची सवलत दिली आहे. गावाला बोलवायचे तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. ती मिळवणे वाटते तितके कठीण नाही. स्वतंत्र निर्माते-दिग्दर्शक अशा खेळांसाठी पुष्कळदा आनंदाने तयार होतात, काही तर स्वतः गप्पा मारायला येतात. जुन्या भारतीय चित्रपटांचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे ‘संत तुकाराम’ किंवा ‘श्यामची आई’ (१९५३) यांच्याबाबतीत चांगली प्रत मिळवणे एवढेच काम उरते. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही १९५९ पासूनची शिखर संस्था नव्या मंडळांना मार्ग दाखवते. परदेशी चित्रपटांसाठी मॅक्स म्युलर भवन, आलियान्स फ्रान्सेज यांसारख्या संस्थांकडे विचारणा करता येते.

आता प्रत्येकाकडे आमचे मागणे.

कुलगुरू आणि प्राचार्य महोदय, आठवड्यातून एक संध्याकाळ सभागृह विनाभाडे द्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फाटकावरच्या रखवालदाराला स्पष्ट सूचना द्या. “कोणाकडे जायचंय?” या एका प्रश्नाने गावातला माणूस बिचकतो आणि परत फिरतो. चित्रपटाच्या दिवशी फाटकावर फलक लागावा: आज खेळ आहे, सर्वांनी यावे. खेळ साडेपाचला सुरू करा, म्हणजे महिलांना आणि शेवटची एसटी गाठणाऱ्यांना चर्चेलाही थांबता येईल. चाकाच्या खुर्चीसाठी उतार नसेल तर तो करून घ्या.

प्राध्यापक मंडळी, चित्रपटाआधी पाच मिनिटे बोला, नंतर लोकांना बोलू द्या. भाषा विभागांनी परदेशी आणि इतर भारतीय चित्रपटांसाठी, अर्थात हक्कधारकाला विचारून, मराठी सबटायटल्स तयार करण्याचे काम अंगावर घ्यावे. इंग्रजी सबटायटल्समुळे निम्मे गाव दाराबाहेर राहते. अनुवाद शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना याहून चांगला स्वाध्याय कोणता?

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, निवड समिती तुमची असू द्या. तुमच्या आवडीचे चित्रपट दाखवाच, पण नाव न ऐकलेलेही निवडा. पत्रके काढा, ती वाचनालयात, चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर लावा.

नागरिकांनो, सर्वांत मोठे मागणे तुमच्याकडे आहे. सभागृह मिळाले, चित्रपट मिळाला आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या की चौथ्या आठवड्याला उपक्रम बंद पडतो. म्हणून या. परवडेल ती वर्गणी भरून सभासद व्हा, शेजाऱ्यांना आणा, घरातल्या आजी-आजोबांना आणा, दहावीतल्या मुलांनाही आणा. मात्र चित्रपटाचे प्रमाणपत्र पाहून. कोणाकडे जुनी पोस्टर्स, गाण्यांच्या पुस्तिका, थिएटरची छायाचित्रे असतील तर ती मंडळाला प्रदर्शनासाठी द्या. जुन्या थिएटरांत प्रोजेक्टर चालवलेले कारागीर आजही आपल्या गावात आहेत. त्यांना सन्मानाने बोलवा, पोरांना त्यांच्याकडून शिकू द्या.

तुमच्या गावच्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात असा उपक्रम आधीच चालू असेल तर या आठवड्याच्या खेळाला जा आणि सभासद व्हा. नसेल, तर दहा जणांच्या सह्यांचे एक साधे निवेदन लिहा आणि प्राचार्यांच्या किंवा कुलसचिवांच्या हाती द्या. त्यात पहिल्या चित्रपटाचे नाव घाला, तारीख घाला आणि खुर्च्या मांडायला, झाडलोट करायला कोण येणार त्यांचीही नावे घाला. काम करायला माणसे तयार आहेत असे दिसले की नाही म्हणणे अवघड जाते. ही सभागृहे जनतेच्या पैशातून उभी राहिली आहेत. त्यांवरचा आपला हक्क आपण तिथे जाऊन बसलो तरच बजावला जाईल. येत्या सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करू या.

आपले नम्र,
चित्रपट चळवळीतील कार्यकर्ते