फाइलीचें नांव-गांव

बारामती तालुक्यांत माळेगांव बुद्रुक आहे, तसेंच माळेगांव खुर्दही आहे. एका तालुक्यांत एकाच नांवाचीं दोन गांवें झालीं, तेव्हां लोकांनीं थोरल्यास 'बुद्रुक' व धाकट्यास 'खुर्द' अशी खूण जोडून घोटाळा टाळिला. वडगांव निंबाळकर आपल्या तालुक्यांत, तर दुसरें एक वडगांव मावळांत. तेथें तालुका सांगितला कीं ओळख पटते. शेताचा सातबारा काढावयाचा, तरी जिल्हा, तालुका, गांव व गट क्रमांक या क्रमानेंच जावें लागतें.

संगणकांतील व्यवस्थाही याच धर्तीची आहे. डिस्क, तींत फोल्डर, त्यांत पोटफोल्डर व शेवटीं फाइल, असा प्रत्येक फाइलीचा पत्ता असतो. एका फोल्डरांत अगदीं एकाच नांवाच्या दोन फाइली राहूं शकत नाहींत. निराळ्या फोल्डरांत खुशाल राहतात.

१९८१ सालच्या डॉस प्रणालींत नांवास आठच अक्षरें व प्रकार दाखविणाऱ्या पुरवणीस तीन मिळत. १९९५ सालीं विंडोज ९५ आल्यावर ही मर्यादा २५५ अक्षरांपर्यंत गेली, आणि आज तर देवनागरींतही नांव देतां येतें. असें असतां आमचे विद्यार्थी 'नवीन', 'नवीन १', 'शेवटची', 'खरी शेवटची' अशीं नांवें देऊन मोकळे होतात, हें आम्हांस खेदानें नमूद करावें लागतें.

कोणी म्हणेल, शोधपेटींत शब्द टाकिला कीं फाइल सांपडते. मग एवढा खटाटोप कशास? परंतु फोननें काढिलेल्या दाखल्याच्या छायाचित्रास बहुधा नुसत्या आंकड्यांचें नांव असतें. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या अखेरच्या दिवशीं उत्पन्नाचा दाखला शेंकडों छायाचित्रांत हरवला, तर हानि विद्यार्थ्याचीच होते.

म्हणून आमचें मत असें कीं, फाइलीस नांव देणें हा शाळेंत शिकविण्याचा विषय आहे. नांवांत वस्तु कोणती, कोणाची व केव्हांची हें असावें. तारीख आरंभीं घालावयाची तर वर्ष, महिना, दिवस या क्रमानें दोन-दोन आंकडी महिना-दिवस लिहावे; म्हणजे यादी आपोआप कालक्रमानें लागते. पालकांनींही येत्या सुटींत मुलांस जवळ बसवून घरचे सातबारे, दाखले व गुणपत्रिका यांचे निरनिराळे फोल्डर करून घ्यावे. घरांतील वडील मंडळींस हवा तो कागद मागतांक्षणीं काढून देणारा मुलगा अगर मुलगी संगणक शिकली, असें आम्ही समजूं.