जुना उरला, नवा आला

नागपूरकडून पहिल्यांदा येणारा पाहुणा आमच्या भागाचं नाव ऐकून हमखास विचारतो, "उरला? कोण उरला?" बिरगावला लागून असलेली ही रायपूरची औद्योगिक वसाहत. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, पाळ्यांचे भोंगे, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी. तो विनोद ऐकून माझे कान किटले आहेत. पण आजचा विषयच असा आहे की नाव फुकटात कामी आलं.

विषय आहे हातात धरून खेळायच्या गेमिंग कन्सोलचा. पूर्णपणे नवं कन्सोल यायला साधारण पाच-सात वर्षं लागतात. पण मधेच कंपनी त्याच कन्सोलचा एक सुधारलेला अवतार काढते. पडदा मोठा, बॅटरी जास्त, वजन कमी, खेळ मात्र तेच. आणि मग ज्यांनी जुनं घेतलेलं असतं त्यांच्या घरात रुसवेफुगवे सुरू होतात. ज्यांच्या घरी गेम खेळणारं कोणी नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, मोबाईलवाले दरवर्षी आपल्याशी हाच खेळ खेळतात.

६ जुलै २०२१ चा दिवस घ्या. निन्टेन्डोचा 'स्विच' येऊन सव्वाचार वर्षं झाली होती. नवा ताकदवान स्विच येणार, टीव्हीला जोडला की फोर-के चित्र दिसणार, अशा बातम्या बरेच दिवस फिरत होत्या. चाहत्यांनी त्याचं बारसंसुद्धा उरकून टाकलं होतं, 'स्विच प्रो'. प्रत्यक्षात आला तो 'स्विच ओएलईडी'. पडदा ६.२ इंचांऐवजी ७ इंचांचा आणि रंग झळाळते, साठवण ३२ जीबीऐवजी ६४ जीबी, मागचा स्टँड चांगला रुंद. पण आतली चिप तीच. अमेरिकेत किंमत ३५० डॉलर, म्हणजे आधीच्यापेक्षा ५० ने जास्त. जगभर एकच सूर निघाला, डोंगर पोखरून उंदीर काढला!

आता गंमत बघा, 'प्रो' हा शब्द कंपनीने एकदाही उच्चारला नव्हता. लग्नपत्रिका आपणच छापायची आणि नवरदेव आला नाही म्हणून मांडवात रुसून बसायचं, त्यातला हा प्रकार. ऑक्टोबरमध्ये तो स्विच लोकांच्या हातात पडला तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांतले बरेच जण त्याच पडद्याचं कौतुक करायला लागले. एक तक्रार मात्र खरी होती आणि ती मला अजूनही पटते. स्विचच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या जॉय-कॉनची काडी काही महिन्यांनी आपोआप सरकायला लागते. तुम्ही हात लावला नाही तरी पडद्यावरचा गडी डावीकडे चालत सुटतो. लोकांना फोर-केपेक्षा ही काडी नीट हवी होती. युरोपात ग्राहक संघटनांनी पाठपुरावा केल्यावर २०२३ मध्ये कंपनीने तिथे ती मोफत दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं. आमच्या इथे ती मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर बदलून घ्यावी लागते.

हे रुसणं काही आजचं नाही. २००१ मध्ये 'गेम बॉय ॲडव्हान्स' आला. खेळ सुंदर, पण पडद्याला स्वतःचा उजेडच नाही! पोरं खिडकीशी, दिव्याखाली, वाकडी मान करून खेळायची. काहींनी वर अडकवायचे छोटे दिवे घेतले. काही हौशी लोकांनी तर कन्सोल उघडून आत दिवा बसवायचं सामान मागवलं आणि डाग देऊन तो जोडला. दोन वर्षांनी, २००३ मध्ये, कंपनीने 'एसपी' काढला. घडी घालता येणारा, आत दिवा असलेला, सेल विकत आणायची कटकट नसलेला. ज्याने नुकताच दिवा बसवून घेतला होता त्याच्या मनाचं काय झालं असेल ते सांगायला नको. त्यातही एक खोच होती, हेडफोनची नेहमीची भोकच काढून टाकली, त्यासाठी वेगळा जोड घ्यायचा. मग २००५ मध्ये त्याच एसपीचा आणखी उजळ पडद्याचा प्रकार आला, नाव तेच, रूप जवळपास तेच. जुन्या वस्तू जमवणारे आजही मागचं लेबल बघून 'एजीएस-१०१' असा क्रमांक आहे का ते शोधतात.

सगळ्यात मोठा संताप मला वाटतं २०११ चा. 'थ्रीडीएस' मार्चमध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये १७० चा झाला. पाच महिन्यांत ८० डॉलर खाली! सुरुवातीला रांगेत उभं राहून घेणारे तेवढे मूर्ख ठरले. कंपनीने त्यांना 'ॲम्बॅसडर' म्हणून २० जुने खेळ मोफत दिले आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार काही महिने अर्धा केला. राग पूर्ण गेला असं नाही, पण कोणी तरी 'चुकलं' म्हणालं. त्याच कंपनीने २०१४ मध्ये 'न्यू थ्रीडीएस' काढला आणि 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स थ्रीडी' हा खेळ फक्त त्याच्यावरच चालेल असं ठेवलं. इथे मात्र मी चाहत्यांच्या बाजूची आहे. पडदा चांगला द्या, बॅटरी वाढवा, घ्यायचं तो घेईल. पण मधल्या अवताराच्या नावाखाली जुन्याच्या तोंडाला कुलूप लावलं तर ते मला फसवणुकीच्या फार जवळचं वाटतं.

आपल्याकडे हे नाटक नोकियाने केलं होतं, आठवतंय का? २००३ चा 'एन-गेज', फोन आणि गेम एकत्र. खेळ बदलायचा तर मागचं झाकण उघडून बॅटरी काढा, बोलायचं तर फोन कानाला आडवा लावा. लोकांनी इतकी थट्टा केली की पुढच्याच वर्षी 'क्यूडी' आला आणि दोन्ही दुखणी गेली. पण जाता जाता एमपीथ्री गाणी आणि एफएम रेडिओही गेले. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. सोनीच्या 'पीएसपी'चं उलटं झालं. २००७ मध्ये तो २८० ग्रॅमवरून १८९ ग्रॅमवर आला तेव्हा सगळे खूश होते. २००९ च्या 'पीएसपी गो'मध्ये चकतीची जागाच काढून टाकली, आणि कपाटात रचून ठेवलेल्या चकत्या त्याच्यासाठी निरुपयोगी ठरल्या.

आता आमच्या गल्लीतलं सांगते. दोन भाऊ आहेत, थोरला बारावीत, धाकटा सहावीत. वडील रोलिंग मिलमध्ये. दिवाळीचा बोनस आणि थोरल्याने शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे मिळून त्यांनी एक जुना स्विच घेतला. निन्टेन्डो भारतात तो अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे हमीबिमी काही नाही, सगळा तोंडी विश्वास. आठवड्याभरात थोरल्याला कळलं की ओएलईडी थोडे आणखी पैसे घालून मिळाला असता. घरात अबोला. रात्रपाळीवरून येऊन वडील दारात उभे राहिले. "ताई, तुम्ही यातलं लिहिता म्हणून विचारतो. आपण फसलो का हो?"

मी म्हटलं, "नाही भाऊ. आधी मागचा क्रमांक बघू."

स्विचमध्ये एक मधला अवतार असा आहे ज्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. ऑगस्ट २०१९ पासून आलेल्या साध्या स्विचची बॅटरी, कंपनीच्या सांगण्यानुसार, साडेचार ते नऊ तास चालते. त्याआधीच्याची अडीच ते साडेसहा. दिसायला दोन्ही सारखे. ओळख एवढीच की नव्याचा अनुक्रमांक 'एक्सकेडब्ल्यू' या अक्षरांनी सुरू होतो आणि जुन्याचा 'एक्सएडब्ल्यू'ने. जुना माल घेताना लोक खोक्याचा रंग बघतात, खोकं बदलता येतं. अक्षरं कन्सोलवर असतात, ती बघा. यांचा निघाला एक्सकेडब्ल्यू. वडिलांचा चेहरा सुटला. थोरल्याचा नाही. मग त्याला सांगितलं, २०२३ चा 'झेल्डा: टियर्स ऑफ द किंगडम' ओएलईडीवर चालतो तोच, तसाच तुझ्या स्विचवर चालेल. चिप तीच आहे म्हणून जी दुनिया रडली, तीच गोष्ट तुझ्या फायद्याची. यावर तो पहिल्यांदा हसला.

धाकट्याचा प्रश्न निराळाच होता. दादाने पुढेमागे नवा घेतला तर जुना मला, हे ठरलेलंच. घरोघरी शाळेची पुस्तकं, स्वेटर, सायकल अशीच खाली उतरते. पण 'ॲनिमल क्रॉसिंग' या खेळात एका कन्सोलवर एकच बेट असतं. दोघं भाऊ तिथे राहू शकतात, पण ज्याने बेट आधी वसवलं त्याच्याच हातात मोठे निर्णय, पूल कुठे बांधायचा, दुकान कुठे. दादा नव्या कन्सोलवर गेला तर बेट कोणाचं? कंपनीने बेट हलवायची सोय नोव्हेंबर २०२० मध्ये दिली आहे खरी, पण बेट गेलं की धाकट्याने लावलेली झाडंही जातात. शेतीच्या वाटण्या ऐकल्या होत्या, ही वाटणी मी पहिल्यांदाच ऐकली. दोघांनी अजून काही ठरवलेलं नाही. धाकट्याने मात्र दादाच्या नकळत समुद्राकाठची फळझाडं मोजून वहीत लिहून ठेवली आहेत, हे त्याच्या आईने मला सांगितलं.

बाकी बाजाराचं चाललंच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'स्टीम डेक'चा ओएलईडी अवतार आला, बॅटरी ४० वॅट-तासांवरून ५० वर गेली आणि आदल्याच महिन्यात जुना घेणाऱ्यांनी कपाळावर हात मारला. २०२४ मध्ये 'आरओजी ॲलाय एक्स'ने बॅटरी थेट दुप्पट केली, म्हणजे आधीची किती तोकडी होती ते आपोआप कळलं. आणि ५ जून २०२५ ला खराखुरा 'स्विच २' आला, ताकदवान, टीव्हीवर फोर-के देणारा, ७.९ इंचांच्या पडद्याचा. पण तो पडदा एलसीडी आहे. ज्यांनी चार वर्षांपूर्वी 'नुसता पडदाच बदलला' म्हणून नाकं मुरडली होती, त्यांच्यातलेच काही आता विचारतायत की पडदा का नाही दिला. 'स्विच २ ओएलईडी' असं नावही ठरलंय लोकांत. बारसं झालं, बाळाचा पत्ता नाही.