संगणक म्हणजे आहे तरी काय?

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या एक ताई हातात कागद घेऊन घरी आल्या. मुलगी अकरावीला, आणि तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलेला. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावरच्या मुलाने एवढेच सांगितले होते, "कॉम्प्युटर नाही म्हणतोय." ताई मला विचारू लागल्या, "भाऊ, त्या मशीनचं आमच्याशी काय वाकडं आहे?"

ताईंना जे सांगितले तेच आज येथे लिहितो, कारण हा प्रश्न पुष्कळ घरांत आहे.

संगणक हे विजेवर चालणारे यंत्र आहे. त्याच्या पोटात कोट्यवधी अतिसूक्ष्म बटणे असतात. घरातल्या दिव्याच्या बटणासारखीच. बटण एकतर चालू, नाहीतर बंद. चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. संगणकाला एवढेच कळते. मग तो मराठी कसे लिहितो? तर प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिलेला आहे. इंग्रजीतल्या मोठ्या 'ए'चा आकडा ६५, आपल्या 'अ'चा २३०९. आपण 'अ' दाबला की यंत्र २३०९ हा आकडा शून्य आणि एकच्या रूपात साठवते आणि पडद्यावर 'अ'चे चित्र काढते. फोटो, गाणे, पगाराची पावती, सगळे आत आकडेच.

त्याला दोन प्रकारची स्मृती असते. एक म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, दुसरी म्हणजे फडताळ. काम चालू असते तेव्हा सामान ओट्यावर असते. वीज गेली की ओटा साफ! फडताळात ठेवलेले मात्र राहते. 'सेव्ह' करणे म्हणजे फडताळात ठेवणे. हे न कळल्यामुळे तासभर टाइप केलेले माझेही एकदा गेले आहे.

आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि स्मृती होती फक्त २,०४८ शब्दांची. आज दोन जीबी स्मृतीचा साधा मोबाइल घेतला तरी ती त्याच्या दोन लाख पट होते. होय, खिशातला मोबाइल हाही संगणकच आहे. तेव्हा "आम्ही कधी कॉम्प्युटरला हात लावला नाही" असे म्हणणाऱ्या मावशींनी रोज तो कानाला लावलेला असतो.

परंतु यंत्र कितीही मोठे झाले तरी त्याला अक्कल येत नाही. ते हुकूम पाळते. एखाद्या पोराला "चहा कर" म्हटले तर तो दूध नासलेले पाहून थांबेल. संगणकाला प्रत्येक पायरी लिहून द्यावी लागते. पाणी किती, साखर कधी, दूध नासले तर काय करायचे. शेवटचे सांगायचे राहिले तर तो नासलेले दूधही बिनदिक्कत ओतेल. या लिहून दिलेल्या हुकमांना प्रोग्रॅम म्हणतात. आणि प्रोग्रॅम माणूस लिहितो. हल्ली प्रश्नांची उत्तरे देणारे, पत्र लिहून देणारे प्रोग्रॅमही आले आहेत. तेही चुकतात, आणि चुकताना अगदी खात्रीने बोलतात.

आता ताईंच्या कागदाकडे येऊ. आडनाव कांबळे. दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी स्पेलिंग एक, आणि अर्जात त्याच नावात 'ए' हे अक्षर एक जादा. तुम्हीआम्ही वाचले तर दोन्ही कांबळेच. संगणकाच्या लेखी मात्र आकड्यांच्या रांगेत एक आकडा जास्त, म्हणजे माणूसच दुसरा! त्याचे कोणाशी वाकडे नव्हते. केंद्रावरच्या मुलाने घाईत टाइप केले, आणि नावे अक्षरन् अक्षर जुळलीच पाहिजेत असा हुकूम कोणीतरी आधी लिहून ठेवला होता. दोन्हीकडे माणूसच. म्हणून "कॉम्प्युटर नाही म्हणतो" हे उत्तर ऐकून घरी येऊ नये. नेमके कारण विचारावे. ते बहुधा पडद्यावर लिहिलेले असते.

अर्ज भरताना पडदा आपल्याकडे वळवायला सांगावा. नाव, जन्मतारीख, बँकेचा खाते क्रमांक मूळ कागदाशी एकेक अक्षर ताडून पाहावा. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात, तेव्हा ते खाते कोणते याची बँकेत आधीच खात्री करावी. अर्ज क्रमांक असलेला छापील कागद घेतल्याशिवाय उठू नये. आपला पासवर्ड केंद्रावाल्याच्या वहीत राहू देऊ नये, घरच्या वहीत असावा.

राज्य शासनाच्या अनेक नोकऱ्यांना एमएस-सीआयटी किंवा तत्सम प्रमाणपत्र मागतात. मुलामुलींनी ते जरूर करावे. पण फी भरण्यापूर्वी क्लासमध्ये जाऊन एक गोष्ट बघा: प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने यंत्र चालवायला किती वेळ मिळतो? एका यंत्रापुढे चौघे बसवून तिघांना नुसते बघायला लावणारेही क्लास आहेत. पोहणे काठावर बसून येत नाही, तसेच हे.

ताईंच्या मुलीचा अर्ज दुरुस्त होऊन पुढे गेला. ताई आता केंद्रावर गेल्या की चष्मा लावून मुलाच्या शेजारीच खुर्ची ओढून बसतात. तो म्हणतो, "मावशी, तुम्ही आलात की माझी परीक्षाच असते."