शेक दिलेल्या जागी पुन्हा उमटलेला डाग

मेंदूतली गाठ काढली, किरणांचा शेक पूर्ण झाला आणि काही महिन्यांनी डोके पुन्हा ठणकू लागले. एमआरआयमध्ये जुन्याच जागी पांढरा डाग उमटतो. गाठ परतली, की शेकाने तिथला भाग मेला? एमआरआयला हे नेहमी सांगता येत नाही, कारण दोन्ही वेळा रक्तवाहिन्यांचा बांध फुटतो आणि शिरेतून दिलेले औषध सारखेच झिरपते. पहिले खरे असेल तर कदाचित पुन्हा शस्त्रक्रिया. दुसरे असेल तर बहुधा स्टिरॉइड आणि धीर.

मेलेला भाग साखर खात नाही. कर्कपेशी मात्र ती अधाशासारखी खातात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले. १९७६मध्ये फिलाडेल्फियात किरणोत्सारी साखर, म्हणजे एफडीजी, प्रथम माणसाला टोचली. १९८२मध्ये जोव्हानी डी कीरो यांच्या गटाने अमेरिकेत तिच्या आधारे मेंदूतल्या गाठी तपासल्या. पण निरोगी मेंदूही साखरेवरच जगतो, त्या झगमगाटात लहान गाठ हरवते. म्हणून मेथिओनिन, एफईटी ही किरणोत्सारी अमिनो आम्ले आली. ती मेंदू कमी घेतो, गाठ जास्त. सूजही थोडी चमकते, त्यामुळे कधी तुकडा काढून तपासावाच लागतो.

अशी किरणे टिपणारे देशातले पहिले पेट स्कॅन यंत्र २००२मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले. पालघर जिल्ह्यातले जव्हार तिथून सुमारे दीडशे किलोमीटर. एफडीजी आणि एफईटीमधले किरणोत्सारी फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मे होते. घाटरस्त्याने येईतो त्यातले फारसे उरणार नाही. तेव्हा माणसानेच जायचे. जव्हारशेजारच्या मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याचा रुग्ण अंधारात निघतो, कसाऱ्याला लोकल धरतो आणि तपासणीसाठी चार-सहा तास उपाशी राहतो.

१९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हापासून इथल्या आरोग्याचा हिशेब भुकेपासून मांडला जातो. ते रास्तच आहे. पण त्यामुळे बाकीचे आजार शहराचे, असा समज प्रशासनात मुरू नये. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात अशा रुग्णांसाठी एक माणूस नेमावा: शेकाच्या तारखा लिहून ठेवणारा, स्कॅन आणि डॉक्टरांची भेट एकाच दिवशी मिळवून देणारा. त्याहून आधी त्याने जुन्या फिल्म सांभाळाव्यात. नवा डाग जुन्याशी ताडूनच वाचता येतो, आणि मोखाड्याच्या पावसात त्या फिल्म कुडाच्या घरात, आढ्याला टांगलेल्या पिशवीत असतात.